'उद्या ये' म्हणणारी खिडकी

(विद्यार्थी कार्यकर्त्यांच्या एका शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



शिबिराच्या पत्रकावर माझा विषय छापलाय, 'गरीब घरातील विद्यार्थ्यांचे महाविद्यालयीन समायोजन'. समायोजन हा शब्द मी आजवर फक्त अतिरिक्त शिक्षकांच्या बातमीत वाचला होता. शाळेत जास्तीचे झालेले मास्तर दुसऱ्या शाळेत ढकलतात, त्याला समायोजन म्हणतात. म्हणजे आपली पोरं कॉलेजात जास्तीची झालीत, आता त्यांना कुठंतरी कोपऱ्यात बसवून टाका, असा ह्याचा अर्थ निघतो. संयोजक मित्रांनो, रागावू नका. विषय खरा आहे, शब्द तेवढा त्यांचा आहे. आपण साधं बोलू. आपलं पोरगं कॉलेजात शिरतं, ते टिकत का नाही? आणि ते टिकावं म्हणून आपण काय करतो?

मी प्राध्यापक नाही, लेखक नाही. मी एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे. शिष्यवृत्तीची खिडकी माझ्याकडं असते. एकेकाळी मी त्या जाळीच्या बाहेर उभा होतो, आता आत बसतो. माझं सगळं ज्ञान ह्या दोन जागांवरचं आहे. पुस्तकी नाही.

आधी माझा गुन्हा सांगतो. नंतर उपदेश करतो. उलटं केलं तर तुम्ही ऐकू नये.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. फॉर्म भरायचा शेवटचा आठवडा. दुपारी साडेचारच्या पुढं एक पोरगा खिडकीवर आला. एफ.वाय.ला होता. अंगावर केटरिंगवाल्यांचा पांढरा शर्ट, बाहीवर हळदीचा डाग. रात्री लग्नात वाढायला जायचा, दिवसा कॉलेज. त्याच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर बापाचं नाव एक, टी.सी.वर दुसरं. एका कागदावर गावावरून पडलेलं आडनाव, दुसऱ्यावर मूळचं. आपल्यात हे घरोघरी आहे. त्यात त्या दिवशी सकाळपासून साइट बंद पडत होती. माझ्यापुढं साठ-सत्तर फायली, साहेब आतून ओरडतोय. मी मान वर न करता म्हणालो, 'नाव दुरुस्त करून आण. उद्या ये.'

तो म्हणाला, 'सर, उद्या नाही येता येणार.'

मी म्हणालो, 'मग परवा ये.'

तो आलाच नाही. परवा नाही, नंतरही नाही. दिवाळीनंतर हजेरीपटात त्याच्या नावावर रेघ ओढली गेली. त्याचा मोबाईल नंबर माझ्या रजिस्टरात होता. फोन करायला दोन मिनिटं लागली असती. प्रतिज्ञापत्र कसं करायचं, कोणत्या टेबलावर जायचं, हे सांगायला अजून पाच मिनिटं. मी केला नाही. माझ्या टेबलाच्या काचेखाली बाबासाहेबांचा फोटो आहे मित्रांनो. त्या फोटोवर कोपर टेकवून मी 'उद्या ये' म्हणालो होतो.

त्या पोराला कोणी जातीवरून शिवी दिली नाही. कोणी मारलं नाही. तो नापास झाला नाही. तो फक्त आला नाही. आपली बरीच पोरं अशीच गळतात. आवाज होत नाही, म्हणून बातमी होत नाही, म्हणून मोर्चा निघत नाही.

तुम्ही म्हणाल, एवढ्यातेवढ्यावरून कोणी शिक्षण सोडतं का? मग खिडकीच्या आतलं ऐका. जातीचा दाखला असून भागत नाही, त्याची पडताळणी लागते. अनुसूचित जातीच्या पडताळणीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. सगळ्यात भारी पुरावा कोणता? आज्याच्या शाळेच्या दाखल्यावरची जातीची नोंद. आता हसा. ज्याच्या आज्याला शाळेच्या ओट्यावर चढू दिलं नाही, त्याच्या नातवाला सरकार म्हणतं, आज्याच्या शाळेचा दाखला आण. ह्याच्यापेक्षा मोठा विनोद ह्या देशात कोणी लिहिलेला नाही.

मग उत्पन्नाचा दाखला. त्यासाठी तलाठी, मग सेतू, मग तहसील. बाप नाक्यावरचा मजूर असेल तर त्याचा त्या दिवसाचा रोज बुडाला. मग आधार बँकेला जोडलेलं पाहिजे. आधारावर नाव एक, पासबुकावर दुसरं. मग फॉर्म ऑनलाइन. मोबाईलची काच फुटलेली, ओ.टी.पी. आईच्या नंबरावर जातो आणि आई धुण्याभांड्याला गेलेली. ज्याच्या घरात आधी कोणी कॉलेज पाहिलंय त्याला हे सगळं घरीच समजतं. बाप फॉर्म भरतो, मामा सी.ए. असतो, काकू बँकेत असते. त्यांच्या पोराला हे वारशात मिळतं, म्हणून त्याला दिसतही नाही. आपल्या पोराला प्रत्येक पायरीवर चुकून शिकावं लागतं, आणि प्रत्येक चुकीला एक वर्ष मोजावं लागतं.

२०२४ ची गोष्ट पेपरात आली होती. उत्तर प्रदेशातल्या एका मजुराच्या पोराला धनबादच्या आय.आय.टी.त जागा मिळाली. दलित पोरगा. जागा पक्की करायला १७,५०० रुपये भरायचे होते. घरच्यांनी गावात फिरून पैसे उभे केले, पण शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत ते ऑनलाइन गेले नाहीत. साइट बंद झाली, जागा गेली. पोरगा इथं-तिथं दाद मागत शेवटी सुप्रीम कोर्टात गेला. ३० सप्टेंबर २०२४ ला कोर्टानं सांगितलं, ह्याला प्रवेश द्या. चांगलं झालं, टाळ्या वाजवा. पण मला सांगा, सतरा हजारासाठी आणि काही मिनिटांसाठी आपल्यातली किती पोरं सुप्रीम कोर्टात जातील? ती कुठं जातात ते मला माहीत आहे. ती त्याच रात्री केटरिंगला जातात.

बरं, खिडकी पार केली, वर्गात शिरला. तिथं दुसरी खिडकी. मराठी शाळेतून आलेला, नव्वद मिनिटं इंग्रजी कानावर पडतं. प्राध्यापक जोक मारतो, पुढचे चार बाक हसतात, हाही हसतो. कळलेलं नसतं. मी स्वतः एक वर्ष असाच हसलोय. शंका विचारायची तर कोणत्या भाषेत? मराठीत विचारली तर मराठीही 'तशी' निघते. 'व्हतं', 'न्हाई' तोंडातून गेलं की मागं वळून बघतात. मग तोंड मिटतं. तोंड मिटलं की प्राध्यापक म्हणतो, हा मठ्ठ आहे. त्यात आता नव्या धोरणाचे मेजर, मायनर, क्रेडिट. विषय निवडायचे म्हणजे खानावळीत मेनूकार्ड दिल्यासारखं, आणि आपल्या पोराला आयुष्यभर फक्त 'काय शिल्लक आहे' एवढंच विचारायची सवय.

आणि कॅन्टीन. कोणी 'चल' म्हणालं की हा म्हणतो, 'भूक नाही.' तीन वर्षं भूक नसलेली पोरं मी पाहिली आहेत.

आपल्या मुलींचं तर वेगळंच. पहाटे पाणी भरून, भाकरी थापून ती पहिल्या तासाला येते, म्हणून उशिरा येते, म्हणून हजेरी कमी पडते. लायब्ररीत सातपर्यंत बसली तर वस्तीत चर्चा. पहिला विषय राहिला, ए.टी.के.टी. लागली, की घरात स्थळाचा विषय निघतो. भावाला तीन ए.टी.के.टी. माफ, तिला एक नाही. ह्यात मनू आहे तसा आपला बापही आहे, आणि सभेत टाळ्या घेणारा तिचा भाऊही आहे. आज तो इथं बसला असेल तर त्यानं ऐकावं.

आता ते लोक म्हणतात, मेरिट नाही, म्हणून टिकत नाहीत. आणि आपल्यातलेही काही शिकून साहेब झालेले म्हणतात, 'आम्ही नाही का शिकलो दिव्याखाली? जिद्द पाहिजे जिद्द. बाबासाहेबांना कोणी मदत केली होती?'

केली होती! हे मला आज ठासून सांगायचं आहे. बाबासाहेबांची जिद्द कोणाच्यात नाही, ते मान्य. पण बाबासाहेब एकटे वर आले ही गोष्ट आपण भक्तीच्या भरात रचतो आणि ती आपल्याच पोराच्या गळ्यात धोंड्यासारखी बांधतो. परळच्या चाळीतल्या खोलीत रामजीबाबा रात्री जागायचे आणि पोराला दोन वाजता अभ्यासाला उठवायचे. १९०७ ला मॅट्रिक झाल्यावर केळुस्कर गुरुजींनी हातात बुद्धचरित्र ठेवलं, आणि पुढं पैसा संपला तेव्हा बडोद्याच्या सयाजीरावांपर्यंत तेच घेऊन गेले. महिना २५ रुपये मिळाले. एल्फिन्स्टन कॉलेजात म्युलर नावाचे प्राध्यापक होते, त्यांनी पुस्तकं दिली, कपडेही दिले. म्हणजे बघा, एक जागणारा बाप, एक ओळख करून देणारा मास्तर, २५ रुपये आणि एक कपडे देणारा प्राध्यापक. एवढं मिळालं तेव्हा ते बुद्धिमान पोरगं १९१२ ला बी.ए.पर्यंत टिकलं. नसतं मिळालं तर? तर ते कुठल्या तरी खिडकीवरून परत गेलं असतं, आणि आज आपण इथं बसलो नसतो.

हे बाबासाहेब विसरले नाहीत. १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला वसतिगृह सुरू केलं. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. म्हणजे तळ्याच्या आधी बोर्डिंग! त्याच्याही आधी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०८ ला अस्पृश्य पोरांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग उभं केलं होतं. पुढं बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात गेले, आणि १९४४ पासून मॅट्रिकच्या पुढची सरकारी शिष्यवृत्ती सुरू झाली. आज जिचा फॉर्म मी जाळीतून आत घेतो, ती हीच. १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज. तिथं सकाळचे वर्ग ठेवले, का? तर आपला माणूस दिवसा नोकरी करतो म्हणून. कॉलेजची वेळ पोराच्या पोटाप्रमाणं बदलली. १९५० ला औरंगाबादला मिलिंद. त्या नागसेनवनात मराठवाड्यातल्या खेड्यातली पोरं आली, राहिली, लिहायला लागली. ह्याला म्हणतात समायोजन! पोरानं कॉलेजशी करायचं ते नाही. कॉलेजानं पोराशी करायचं ते.

आणि १९७२ ला पँथर निघाली, तिच्या पोरांचा अड्डा कुठं होता? वडाळ्याला, सिद्धार्थ विहार वसतिगृहात. एका खाटेवर दोघं, एका डब्यात तिघं. ज्याचा नंबर लागला नाही तो पॅरासाइट म्हणून राहायचा, आणि रेक्टर आला की खाटेखाली. तिथं पोरांना राहायला जागा होती, म्हणून बोलायला जागा झाली. चळवळ आकाशातून पडत नाही. ती कोणाच्या तरी खोलीत, कोणाच्या तरी अर्ध्या भाकरीवर उभी राहते.

आता जे बोलायचं आहे ते जड आहे. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुला गेला. त्याला वसतिगृहातून काढलेलं होतं, आणि सात महिन्यांची फेलोशिप, एक लाख पंचाहत्तर हजार, येणं बाकी होती. मे २०१९ ला मुंबईत डॉक्टर पायल तडवी गेली. फेब्रुवारी २०२३ ला पवईच्या आय.आय.टी.त दर्शन सोळंकी गेला, पहिल्याच वर्षाचा. प्रत्येक वेळी आपण रस्त्यावर आलो. आलंच पाहिजे होतं. पण मी स्वतःला विचारतो, पोरगं जिवंत असताना आपण किती वेळा त्याच्या खोलीवर गेलो? फोटोला हार घालायला पाचशे माणसं येतात. तोच पोरगा पहिल्या महिन्यात जेवणाच्या टेबलावर एकटा बसतो, तेव्हा त्याच्या समोर बसायला एक येत नाही.

दिल्लीच्या एम्समध्ये काय चालतं ते थोरात समितीनं २००७ ला लिहून दिलं. आरक्षणातून आलेल्या पोरांना इतका त्रास, की वसतिगृहात ती खोल्या बदलून ठरावीक मजल्यांवर गोळा होत होती. देशातल्या सगळ्यात मोठ्या दवाखान्यात महारवाडा! यूजीसीनं २०१२ ला नियम केले, प्रत्येक ठिकाणी समान संधी कक्ष हवा, भेदभावाची तक्रार घेणारा अधिकारी हवा. आपापल्या कॉलेजात जाऊन विचारा, तो अधिकारी कुठं बसतो. पाटी सापडली तर खुर्ची रिकामी, खुर्चीवर माणूस सापडला तर त्याला माहीत नाही की तो अधिकारी आहे.

ह्यांच्याशी भांडायचंच आहे. पण भांडण जिंकेपर्यंत पोरगं टिकलं पाहिजे. म्हणून कामाचं बोलतो.

एक. जून-जुलैत गेटवर टेबल टाका. बॅनर लहान चालेल, स्टेपलर मोठा ठेवा. कोणते कागद, कुठं मिळतात, किती दिवस लागतात, हे एका पानावर मराठीत लिहून वाटा. नावातल्या फरकाचं प्रतिज्ञापत्र कसं करायचं ते लिहा. पडताळणीचा अर्ज बारावीच्या निकालाची वाट न बघता अकरावीतच करायला लावा. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधार योजना आहे, मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये, हे खिडकीवर कोणी आपण होऊन सांगत नाही. मी सांगतो, पण मी एकाच खिडकीवर आहे.

दोन. कोणताही अर्ज हातानं देऊन परत येऊ नका. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि आवक नंबर घ्या. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. आवक नंबर पडला की साहेबाला झोप लागत नाही. हे मी आतल्या माणसाच्या अनुभवावरून सांगतो.

तीन. शनिवारी संध्याकाळी वस्तीतल्या विहारात बसा. सीनियरनं ज्युनियरला त्याचा धडा आपल्या बोलीत समजावून सांगायचा, मग तोच इंग्रजीत वाचायचा. नवा शब्द वहीत. आणि तिथं कोणी कोणाच्या 'व्हतं'ला हसायचं नाही. आपल्यातलेच दोन वर्षं शहरात राहिलेले शहाणे जास्त हसतात, त्यांच्यासाठी सांगतो. मुलींसाठी वेळ त्यांना विचारून ठेवा, आणि घरी जाऊन त्यांच्या बापाशी बोला. बाप कार्यकर्त्याचं ऐकतो, पोरीचं ऐकत नाही. हे वाईट आहे, पण आज आहे. उद्या तो पोरीचंच ऐकेल असं बघा.

चार. तिसरा महिना सांभाळा. जुलैत सगळे उत्साहात असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात घरून आणलेले पैसे संपतात, शिष्यवृत्ती आलेली नसते, मेसवाला दारात उभा राहतो, पहिल्या चाचणीचे मार्क लागतात. चारही एकदम. पोरगं त्याच वेळी पिशवी भरतं. जे आपल्यातले नोकरीला लागलेत त्यांनी महिन्याला शंभर-दोनशे बाजूला काढा. एका पोराची दोन महिन्यांची मेस भरली तर त्याचं वर्ष वाचतं. हे दान नाही. त्याला तसं वाटू देऊ नका. आपण ज्याच्या पैशावर शिकलो ते आपण परत करतोय, एवढंच.

पाच. पोरगं गप्प झालं, जेवणं सोडलं, खोलीतून निघेना, तर 'जिद्द ठेव' म्हणून पाठ थोपटून निघून जाऊ नका. त्याच्याजवळ बसा. सरळ विचारा. सरकारचा टेलिमानसचा १४४१६ नंबर आहे, डॉक्टर आहेत. सोबत जा. वाघाच्या पोरालाही ताप येतो. त्यात लाज कसली?

हे सगळं करायला संघटना मोठी लागत नाही. एकानं एकाला धरायचं, जूनपासून दिवाळीपर्यंत. इथं तुम्ही साठेक जण आहात. भाषणाच्या शेवटी तुमच्या नावापुढं एकेक नाव लिहून घेणार आहे, आणि दिवाळीला विचारणार आहे, तो आहे का? घोषणा कोणी किती जोरात दिल्या ते मी विचारणार नाही.

माझ्या टेबलावर आता एक वही असते. 'उद्या ये' म्हणावं लागलं तर त्या पोराचं नाव आणि नंबर तिच्यात जातो. तीन दिवसांत आला नाही तर मी फोन करतो. कधी लागतो, कधी लागत नाही. कधी पलीकडून आई बोलते आणि घाबरते, 'साहेब, पोरानं काय केलं?' मी म्हणतो, काही केलं नाही मावशी, त्याला फक्त पाठवून द्या. बरेच येतात.

त्या केटरिंगवाल्या पोराचा जुना नंबर मी नंतर लावून पाहिला. तो दुसऱ्या कोणाचा तरी झाला होता.

चला, कागद फिरवतो. नावं लिहा.

जय भीम!